कागदी दार

चौदा जून, शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. बारामतीला घराच्या ओट्यावर मी दाढीचे पाणी घेऊन बसलो होतो तेव्हा इंदापूरहून, माझ्या बहिणीच्या घरून, सारिकाचा फोन आला. "मामा, ताई उठंनात," ती म्हणाली. अंग गार आहे का, असे मी विचारले. "व्हय." कोठे आहे? "टेबलाशीच. डोकं कागदावर ठिवलंय." डॉक्टरांना बोलावून घे, मी निघतो, असे सांगून मी फोन ठेवला. दाढी अर्धी झाली होती. ती पूर्ण केली, गाडी काढली आणि निघालो. पोलीस खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मृत्यूच्या बातमीची सवय असते. ऐकण्यापेक्षा सांगण्याची अधिक असते. त्या दिवशी दुसऱ्या बाजूला उभे राहावे लागले, इतकाच फरक.

सुमन माझी धाकटी बहीण. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर आडनावाशिवाय जिचे नाव छापलेले असते, ती हीच. या पुरवणीच्या संपादकांनी तिच्याविषयी चार ओळी मागितल्या. चार ओळींत मी पंचनामा लिहू शकतो. हे थोडे लांबेल.

तिची पुस्तके तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. बाळाला पहिला दात येतो, बाळ रांगत उंबऱ्याशी अडते, धाकटे भावंड आले म्हणून रुसते, बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडत नाही. घर आणि घरात वाढणारे मूल, याबाहेर तिने काही काढले नाही. प्रत्येक पुस्तकात दोन-तीन पानांवर कागदाचे दार चिकटवलेले असते. मुलाने ते बोटाने उघडायचे. आत मांजर असते, आजी असते, न्हाऊन-माखून बसलेले बाळ असते. ही दारे इतक्या वेळा उघडली जातात की निखळून येतात, आणि आईवडील प्रकाशकाकडे तक्रार करतात. सुमनला ही तक्रार फार आवडत असे. या पुस्तकांविषयी 'निरागस' हा शब्द मी अनेकदा वाचला आहे. मी तो वापरणार नाही. ती दारे कोठून आली, हे मला ठाऊक आहे.

आमचे बालपण कोऱ्हाळे बुद्रुकला गेले. वडील बैलगाडीने कारखान्यावर ऊस वाहत. घर दोन खोल्यांचे. बाहेर चूल, आत कणगी आणि अंथरुणे. वडिलांना राग आला की ते खुंटीवरचा बैलांचा आसूड काढत, आईला दंडाला धरून आतल्या खोलीत नेत आणि आतून कडी लावत. आम्ही दोघे बाहेर. मी दारावर लाथा मारीत असे. सुमन चुलीपाशी बसून राही, रडत नसे. वस्तीवर आवाज जाई. माणसे अंगणापर्यंत येत, बंद दाराकडे पाहत आणि परत फिरत. एकदा मी एका आबांचा हात धरून ओढू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "पोरा, आतनं कडी लावलीया. आता आमी काय करणार?" कडी काढता आली नसती असे नव्हते. पण लावलेली कडी हा त्यांच्या दृष्टीने निकाल होता. कडीच्या आतला मामला घरचा. बाहेरच्याने बोलायचे नाही.

सुमन सहा-सात वर्षांची असताना तिने चुलीतला कोळसा घेऊन घराच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, चित्र काढले. आतली खोली तिने त्या वेळी बाहेरून फक्त ऐकली होती, पण चित्रात सगळे होते: कणगीला टेकलेली आई, डोक्यावर घेतलेले हात, आणि आसूड वर उचललेला माणूस. सकाळी पाण्याला जाणाऱ्या बायका तेथे थांबल्या. कोणी काही बोलले नाही, पण थांबल्या. वडील गाडी सोडून आले, त्यांनी भिंत पाहिली आणि आसुडाच्या दांड्याने सुमनच्या तोंडावर मारले. डावी भुवई हाडापर्यंत फाटली. मग त्यांनी शेणाचा गोळा तिच्या हातात दिला आणि ती भिंत तिच्याकडूनच सारवून घेतली. डोळ्यात रक्त उतरत होते, ती मनगटाने पुसत होती आणि सारवत होती. तिच्या भुवईत त्या जागी पुढे कधी केस उगवले नाहीत.

मी भरती होऊन पहिल्या रजेवर घरी आलो, त्या दिवशी दार बंदच होते. आतून आईचा आवाज येत नव्हता, आसुडाचा येत होता. अंगणात पहार पडलेली होती. मी दार फोडले. फळी मधोमध चिरली, कडी चौकटीसकट बाहेर आली. आई कणगीपाशी पडली होती आणि तिचा जबडा एका बाजूला गेला होता. मी वडिलांना मारले. किती आणि कशाने, हे येथे लिहीत नाही. ते त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, परंतु उजवा हात त्यांना खांद्याच्या वर उचलता आला नाही. मला आठवते ते निराळेच. आई जमिनीवर, वडील ओरडत आहेत, मी धापा टाकत भिंतीला टेकलो आहे... आणि सुमन त्याच पहारीने मोडक्या फळीतले खिळे उचकटत बसली आहे. तिने कडी सोडवली, परकराला पुसली आणि दप्तरात टाकली. त्या रात्रीनंतर आई आणि सुमन त्या घरात राहिल्या नाहीत.

पुढे सुमन इंदापूरला शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. लग्न केले नाही. आई शेवटपर्यंत तिच्याकडे होती. मोडलेला जबडा नीट बसलाच नाही. तोंड कायमचे डावीकडे राहिले. सुमनच्या प्रत्येक पुस्तकातली आजी तशीच आहे. तिने गालात पान धरले आहे असे वाचक समजतात. एका परीक्षणात 'विडा चघळणारी मिश्कील आजी' असे आले होते. सुमनने ते आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, "असू दे की. मिश्कील तर मिश्कील."

तिच्या चित्रांतले बाप मात्र मला खटकत. आयुष्यभर माणसांच्या हातांकडे पाहण्याची नोकरी केल्यामुळे माझ्या ते लक्षात आले असावे. तिच्या पुस्तकांत मोकळा उभा असलेला बाप नाही. एकाच्या काखेत पोर, दुसऱ्याच्या हातात बादली, तिसऱ्याने पाळणा डोक्यावर घेतलेला, चौथ्याच्या दोन्ही हातांत कोथिंबिरीच्या जुड्या.

"तुझ्या पुस्तकातले समदे बाप हमाल हायेत का गं?" मी एकदा विचारले.

ती ब्रश धूत होती. "हात रिकामा काढला, की मला त्याच्या फुडचं चित्र दिसतंय, दादा. त्यापरीस बादली दिलेली बरी."



इंदापूरच्या तिच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. न्हाणीला पडदा होता. बाहेरचे दार ती गावाला जाताना कुलूप लावून बंद करी. एरवी दिवसभर ते सताड उघडे. कोऱ्हाळ्याची ती जुनी कडी तिच्या टेबलावर असे, रंगवलेले कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेली. यावरून आमचे वाद होत. दोन बाया राहतात, निदान आतल्या खोलीला कडी हवी, वेळप्रसंगी आत जाऊन लावून घेता येते, हे माझे म्हणणे आजही चुकीचे नाही. मी बारामतीहून नवी, जाड पितळी कडी आणली. तिने चहा दिला आणि कडी माझ्या पिशवीत परत ठेवली. "चोर आला तर काय न्हील? पोस्टर कलर?" ती म्हणाली. शेजारी रफिकभाईंचे वेल्डिंगचे दुकान आहे; ग्रिल, फाटके, खाटा करतात. ते हसून म्हणाले, "साहेब, ताईंच्या दाराला म्या लोखंडाची पट्टी मारतो म्हटलं तरी ऐकंनात. माझ्या धंद्याला बाई लई वाईट हाय."

निवृत्तीनंतर तिने एक काम अंगावर घेतले. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी बाळंत होते आणि बारशाला बाळंतविडा देतात: टोपरे, झबली, दुपटी, आईला खण. सुमन ओळखीच्या घरांत त्या विड्यात घालायला एक हाताने केलेले पुस्तक देऊ लागली. त्या एका बाळाचे पुस्तक, एकच प्रत. ती बारशाच्या आधी त्या घरी जाऊन राही, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसून चित्रे काढी, आणि पुस्तक कोणालाही न दाखवता विड्यात बांधून ठेवी. ते पहिल्यांदा उघडायचे आत्याने, म्हणजे बाळाच्या बापाच्या बहिणीने. कारण नावही तीच ठेवते. मग ते बायकांच्या हातून फिरे. कागदी दार आले की सगळ्या वाकून पाहत. भिगवणपासून बारामतीपर्यंत अशी पुस्तके अनेक घरांच्या कपाटांत आहेत.

डाळजच्या बबनरावांची मुलगी सारिका सुमनची विद्यार्थिनी. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती, मुलगी झाली. नवरा संदीप, उसाच्या ट्रॅक्टरवर चालक. सुमन तेथे राहिली असताना तो एके दुपारी बाळ पाहायला आला. बाळंतिणीच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. सुमन बाहेर पडवीत कागद घेऊन बसली होती. आतले तिला ऐकू आले. स्वयंपाकघरात सारिकाच्या आईलाही ऐकू आले. सुमन उठून दारापर्यंत गेली, तिने दार वाजवले, हाका मारल्या. सारिकाची आई म्हणाली, "ताई, नवराबायकूचं बोलणं चाललंय. दार लावलंय न्हवं त्येंनी." संदीप बाहेर आला, चहा प्यायला आणि गेला. सारिकाच्या उजव्या हातात चुडा नव्हता. पडले, असे तिने सांगितले. हे मला सुमनने त्या वेळी कळवले नाही. कळवले असते तर मी काय केले असते, हे ती जाणून होती.

बारशाला मी तिला गाडीने डाळजला नेले. अंगणात मांडव होता, खांबांना केळीचे खुंट बांधले होते. ते छाटून झाल्यावर ऊसतोडीचा कोयता कोणीतरी खांबाच्या बुडाशी तसाच टाकला होता. पुरुष मांडवात, बायका पडवीत पाळण्याभोवती. घुगऱ्या वाटणे चालू होते. संदीपची थोरली बहीण मंगल पाळण्याशी बसली. तिने विडा सोडला, टोपरे बाळाला घातले, पुस्तक उघडले. मी मांडवाच्या कडेला होतो. मला सगळे दिसत होते. पहिली पाने हसण्यात गेली. बाळाची जांभई, बाळाची मूठ, अंगणातली शेळी. मग दार आले. सुमनच्या सर्व पुस्तकांतील दारे अर्धवट किलकिली असतात. हे पूर्ण बंद होते, आणि त्यावर कडी रंगवलेली होती.

"उघड की गं मंगल, मांजर असंल आत," एक म्हणाली.

"मांजर न्हाय, आत्याच बसली असंल लाडू खात," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आत्याने नाव सांगताना बायका गमतीने तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्यासाठी दोघी-तिघींनी आधीच मुठी वळल्या होत्या.

मंगलने दार उघडले. आत सारिका होती, तिचे मनगट पिरगळलेले, जमिनीवर हिरव्या काचा, बाजूला दुपट्यात बाळ. मनगट धरणारा हात मोठा काढलेला होता. त्याचा दुसरा हात रिकामा होता आणि वर उचललेला होता. सुमनने तोवर कोणत्याही पुस्तकात काढलेला तो एकमेव रिकामा हात. मंगलने दार मिटले. पुन्हा उघडले. मग तिने सारिकाकडे पाहिले. "हात बघू," ती म्हणाली.

"पडले व्हते, वन्सं."

"हात बघू म्हंते ना."

सारिकाने पदरातून हात काढला. काचांनी कापलेले आडवे व्रण अजून लाल होते. मंगल पुस्तक मांडीवर ठेवून सावकाश म्हणाली, "आमचा बा बी असाच दार लावायचा."

पडवीत इतकी शांतता झाली की मांडवातली माणसे वळून पाहू लागली. संदीप उठून आला, बहिणीच्या मांडीवरून त्याने पुस्तक ओढले, पाहिले. "ह्ये कुणी काढलं?"

"म्या काढलं," सुमन म्हणाली.

"तू कुठनं बघितलंस?" तो ओरडला. "दार तर लावलेलं व्हतं."

हे वाक्य मांडवातल्या सर्वांनी ऐकले. पुढे न्यायालयात तेच सर्वांत उपयोगी पडले. बोलून गेल्यावर त्याच्याही ध्यानात आले असावे. तो पुस्तक फाडू लागला. सुमनने दुसरी बाजू धरली, ती सोडेना. त्याने मागे खांबाच्या बुडाशी हात घातला आणि कोयता उचलला. पहिला वार तिच्या पुस्तक धरलेल्या हातावर पडला. तर्जनी आणि मधले बोट पानावर राहिले. दुसरा वार खांद्यात बसला, तिसरा तिने मान काढून घेतल्यामुळे पाळण्याच्या दोरीवर. पाळणा दाणकन खाली आला. मंगलने बाळ तेवढ्यात उचलले होते. मी पोहोचलो तेव्हा त्याने चौथ्यांदा हात वर नेला होता. माझ्या हातात मांडवातली लोखंडी घडीची खुर्ची होती. ती मी त्याच्या कानशिलावर मारली, तो पडल्यावर गुडघा त्याच्या मानेवर ठेवला आणि कोयत्याचे मनगट पाठीमागे वळवत नेले. हाड मोडल्याचा आवाज आला. मी त्यानंतरही सोडले नाही. दोघांनी ओढून काढले तेव्हा सुटले. घुगऱ्यांचे पातेले उलटले होते. हरभरे रक्तात पसरले होते आणि पळणाऱ्या बायका त्यावरून घसरत होत्या. सुमन भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात डाव्या काखेत दाबून. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. बोटे मंगलने उचलली आणि बाळाच्याच एका टोपऱ्यात गुंडाळून गाडीत आणून दिली. ती जोडता आली नाहीत.

रुग्णालयात दुसऱ्या दिवशी बबनराव आले. माझ्याशी बोलताना त्यांची मान खाली होती. "साहेब, झालं ते लई वाईट झालं. पर मिटवता आलं तर बघा. पोरीला नांदायचं हाय. सव्वा महिना झाला की न्हेतो म्हंत्यात त्याची मान्सं." खाटेवरची सुमन गुंगीत आहे असे आम्हाला वाटत होते. ती म्हणाली, "बबनराव, त्या दिशी तुमच्या सैपाकघरात ऐकू आलं का न्हाय?" उत्तर सारिकाने दिले. ती दाराशी बाळ घेऊन उभी होती. "आलं व्हतं, ताई. मला आतनं आईच्या भांड्यांचा आवाज येत व्हता. ती भांडी घासायची थांबली न्हाय." त्यानंतर बबनरावांनी मिटवण्याचा विषय काढला नाही. सारिका रुग्णालयातून सुमनबरोबर इंदापूरला गेली ती तेथेच राहिली. मंगलने भावाविरुद्ध साक्ष दिली. बाळाचे नावही तिनेच ठेवले, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, कानाशी लागून: स्वरा. पाठीत धपाटे घालायला कोणी नव्हते.

सुमनने चित्रासाठी डावा हात धरला. सुरुवातीला नुसत्या रेघा. कागदावर जुनी कडी ठेवायची, डाव्या हाताने रेघ ओढायची, फेकून द्यायची. मग वाकडी वर्तुळे. मग स्वराचे डोके. मूल समोर वाढत होते आणि हात त्याच्याबरोबर शिकत होता. रांगणे, धरून उभे राहणे, पहिले पाऊल. त्यानंतरची पुस्तके तुम्ही पाहिलेली आहेत. त्यांतल्या रेषा कापऱ्या आहेत. प्रकाशकाने त्याला नवी शैली म्हटले. बापांच्या हातांत अजूनही बादल्या होत्या.

शिक्षा भोगून संदीप सुटला. एके दुपारी तो इंदापूरला आला. स्वरा शाळेत होती. बाहेरचे दार नेहमीप्रमाणे उघडे. त्याच्या हातात ट्रॅक्टरची टॉमी, म्हणजे चाके उचकटायची लोखंडी कांब. त्याने ती सारिकाच्या पायांवर मारली, केस धरले आणि तिला फरफटत आतल्या खोलीत नेले. दार लोटले. सारिकाने मला नंतर सांगितले, की त्याने एका हाताने तिचा गळा दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो चौकट चाचपत होता. वर, खाली, पुन्हा वर. कडी शोधत होता. ती नव्हती. लोटलेले दार सावकाश उघडत परत आले आणि दारात सुमन उभी होती. तिने टेबलावरची कोऱ्हाळ्याची कडी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर हाणली. पुढचे दात पडले, ओठ चिरला. त्याने टॉमी फिरवली. तिच्या बरगड्या मोडल्या. तोवर रफिकभाई आणि दुकानातली माणसे उघड्या दारातून थेट आत आली होती, हातांत होते ते घेऊन. पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला जिवंत ठेवले, एवढे नमूद करतो.

बरगड्यांना पट्टा आवळलेला असताना मी तिच्यासमोर ती पितळी कडी पुन्हा ठेवली. आता तरी बसव, म्हणालो. आत जाऊन लावून घेतली असती तर ही वेळ आली नसती. तिला श्वास घेताना दुखत होते, म्हणून ती थांबत थांबत बोलली. "दादा, त्यो कडीच हुडकत व्हता... ती असती, तर रफिकभाई दाराभाईर उभं ऱ्हायलं असतं. कोऱ्हाळ्यातल्या आबांवानी." रफिकभाई तेथेच होते. ते म्हणाले, "न्हाय वो ताई, दार तोडलं असतं." सुमन म्हणाली, "तोडलं असतं. पर आदी इचार केला असता." मी कडी उचलून गाडीच्या डिकीत टाकली. ती तेथेच राहिली.

चौदा जूनला मी इंदापूरला पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोप लागावी तसे हृदय थांबले, असे त्यांचे म्हणणे. तिला खाली घेतले होते. टेबलावरचा कागद तसाच होता, जुन्या कडीखाली. अंगण होते, दोरीवर दुपटी वाळत होती, पाळण्यात बाळ होते, गालात विडा धरलेली आजी होती. मध्यभागी बाप उभा होता. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंतच काढलेले होते. पुढे त्यात काय द्यायचे, हे तिचे ठरले नसावे. दुपारी अंत्यसंस्कार झाले. अग्नी मी दिला. मंगल आली होती, बबनराव आले होते. संध्याकाळी माणसे पांगली. रफिकभाईंच्या घरून भाकरी आणि पिठले आले. स्वराने खाल्ले आणि ती टेबलाखाली, जेथे तिची नेहमीची जागा आहे तेथे झोपली.

तेव्हा सारिकाने विचारले. संदीप दुसऱ्या खटल्यात आता जामिनावर बाहेर आहे. बातमी त्यालाही कळली असणार. "मामा, तुमच्या गाडीत ती कडी हाय न्हवं? आज बसवता? आता ताई न्हाईत."

मी डिकीतून कडी आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. आतल्या दाराची चौकट चाचपली, उंची ठरवली, पेन्सिलीने खूण केली. इतकी वर्षे जे सांगत आलो ते अखेर करायचे होते. पहिला स्क्रू लाकडाला लावला. सारिका जवळ आली आणि तिने त्या खुणेवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हितंच त्याचा हात फिरत व्हता," ती म्हणाली. "नको, मामा. ऱ्हाऊ द्या."

"भ्या वाटंल."

"वाटंल की. पर दार उघडंच ऱ्हाऊ द्या."

मी स्क्रू काढला. लाकडाचा भुसा फुंकरला. नवी कडी जुन्या कडीशेजारी, त्या कागदावर ठेवली. बाहेरचे दार तिने पूर्ण उघडले आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली दगड लावला. शेजारी रफिकभाई दुकानाच्या फळीवर बसले होते. त्यांनी आज शटर ओढलेले नव्हते.

अंगणात त्यांच्याच दुकानातली खाट उभी केलेली होती. ती मी आणली आणि उघड्या दारात आडवी टाकली. खाट लोखंडी. माझ्या वयाला जड. दोन्ही हात लागले.